जास्तीचं निळं

बाबांच्या उजव्या डोळ्यावरची पट्टी निघून चार दिवस झाले होते, आणि त्या चार दिवसांत घरातल्या प्रत्येकाने त्यांना कारखान्यात जाऊ न देण्याचं एकेक निमित्त शोधून काढलं होतं. आईंनी धुळीचं काढलं. मुलाने भट्टी दुरुस्तीला म्हणून उघडली आणि तिच्या विटा नेमक्या जिन्याच्या तोंडाशी रचल्या. मुलगी फोनवर म्हणाली, "मी गुरुवारी येतेच आहे, तेव्हा सगळे मिळून बघू. एकट्याने बघण्यात काय मजा?" सून तेवढी काही बोलली नाही. ती दिवसातून चार-पाच वेळा उगाच खाली जायची, मोठ्या चौकटीत उभ्या केलेल्या खिडकीवरची चादर नीट आहे ना ते बघायची आणि वर यायची.

अकरा वर्षं ती रंगीत काचांच्या खिडक्या करणाऱ्या या कारखान्यात काचा कापत होती. शिशाच्या पट्ट्या घेऊन येणाऱ्या टेम्पोवाल्यापासून गावातल्या वास्तुविशारदांपर्यंत सगळे तिला सूनबाईच म्हणत. आजेसासऱ्यांनी पहिली भट्टी लावली, बाबांनी नाव कमावलं, नवरा शिसं ओढायचा, सांधे जोडायचा आणि परांचीवर चढून खिडक्या बसवायचा. कापायला सूनबाई. रंग मात्र बाबांचे. रंग पारखायच्या, खालून दिवे लावलेल्या टेबलापाशी दुसऱ्या कुणाची खुर्ची नव्हती.

ही खिडकी नव्या इस्पितळासाठी होती. रोगी आणि त्यांची माणसं जिथे ताटकळत बसतात त्या दालनात, पूर्वेच्या भिंतीत, दोन पुरुष उंचीची. नदीवरची पहाट. वर पिवळसर पांढरं आकाश, मध्ये धुकं, खाली पाणी. कागदावर चित्र इतकं सुरेख होतं की इस्पितळाचे व्यवस्थापक ते बघून लगेच कामाला हो म्हणाले होते.

आणि काचेत ते निळं झालं होतं. पाणी गडद निळं, धुकं निळं, आणि जिथे पांढरं हवं तिथे फिकट निळं. बाबांच्या दोन्ही डोळ्यांत चार-पाच वर्षं मोतीबिंदू पिकत होता आणि त्यांना सगळं जग तपकिरी चष्म्यातून दिसावं तसं दिसत होतं. पांढरी काच त्यांना मळकी वाटायची. फिकट निळी उचलली की समाधानाने म्हणायचे, "हं, हे खरं पांढरं." एकदा, अगदी सुरुवातीला, मुलाने धीर करून म्हटलं होतं, "बाबा, हे जरा निळ्याकडे झुकतंय का?" त्यावर त्यांनी पंधरा दिवस त्याच्याशी बोलणं टाकलं. मग कुणीच काही म्हणालं नाही. दोन वर्षं सगळं घर त्या निळ्याच्या कडेकडेने चालत राहिलं.

गुरुवारी सकाळी ताई आली ती फोन कानाला लावूनच. गिऱ्हाइकांशी बोलायचं काम तिच्याकडे. दुसऱ्या गावात संसार थाटूनही तिने ते सोडलं नव्हतं. स्वयंपाकघरात आल्या आल्या तिने दार लोटून घेतलं.

"बाबा कुठेत?"

"अंघोळीला गेलेत," आई म्हणाल्या. "दहा मिनिटं आहेत तुझ्याकडे."

"मग ऐका. सोमवारी खिडकी बसतेय. परांची बांधून झालीय, भिंत मोकळी करून ठेवलीय त्यांनी. मी म्हणते, आहे तशी बसवू. बाबांना तिकडेच नेऊन दाखवू, शंभर माणसांत. लोक वा वा म्हणतील. त्या गडबडीत निळं किती आणि पांढरं किती, कोण बघतंय?"

"ते बघतील," सूनबाई म्हणाली. ती ओट्यावरचा एकच डाग केव्हापासून पुसत होती.

"एका डोळ्याने."

"एक पुरतो."

नवरा खिडकीपाशी उभा होता. तो म्हणाला, "ताई, हिचं बरोबर आहे. तिथे चारचौघांत कळण्यापेक्षा इथे कळलेलं बरं. आपणच सांगू."

"सांग मग. आज, आत्ता. बाहेर आले की सांग," ताई म्हणाली.

तो खाली बघू लागला. "मी म्हणजे… आईने सांगितलं तर ते ऐकतील."

"माझं नाव मध्ये घेऊ नका," आई म्हणाल्या. "पन्नास वर्षांत मी त्यांच्या रंगाबद्दल एक शब्द बोलले नाही. आता या वयात कुठे सुरुवात करू?"

ताईने सूनबाईकडे बघितलं. "तू दोन वर्षं त्यांच्या समोर बसून कापलंस सगळं. तुझ्या हातातून गेलीय एकेक काच. तुला तेव्हा बोलता आलं नाही?"

सूनबाईने फडकं पिळलं. उत्तर तिच्याकडे होतं, पण ते या दाराआड बोलण्यासारखं नव्हतं. तिने आईंकडे बघितलं. आईंनी डोळ्यांनीच नको म्हणून सांगितलं. या घरात असं एक गुपित होतं जे फक्त या दोघी बायकांना ठाऊक होतं, आणि तीन वर्षं दोघींनी त्याबद्दल एकमेकींशीही चकार शब्द काढला नव्हता.

तेवढ्यात खालून विटा सरकवल्याचा आवाज आला.

"अंघोळीला म्हणे," नवरा पुटपुटला आणि चौघंही जिन्याकडे धावली.

बाबा ओल्या केसांनी, उलटा सदरा घालून चौकटीसमोर उभे होते. चादर त्यांनी स्वतःच ओढून काढली होती. मागच्या मोठ्या गवाक्षातून सकाळचं ऊन सरळ खिडकीवर पडत होतं आणि कारखान्याची फरशी, टेबलं, शिशाची वेटोळी, सगळं निळ्यात बुडालं होतं.

त्यांनी उजवा डोळा हाताने झाकला आणि डाव्याने बघितलं. मग डावा झाकला आणि उजव्याने बघितलं. पुन्हा उजवा, पुन्हा डावा. असं त्यांनी किती वेळा केलं कोण जाणे. चष्मेवाल्याच्या दुकानात मन लावून उत्तरं देणाऱ्या शहाण्या मुलासारखे ते दिसत होते. सूनबाईला जिन्यात उभं राहवेना आणि पुढेही जाववेना.

"तू ये इकडे," ते आईंना म्हणाले. "इथे उभी राहा. उजेडात."

आई गेल्या. निळा उजेड त्यांच्या कपाळावर, गालांवर, पांढऱ्या केसांवर पडला. त्यांचे ओठ काळपट दिसू लागले. बाबा नव्या डोळ्याने त्यांच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी पुढे होऊन आईंना दंडाला धरून सावलीत ओढलं, जवळजवळ हिसकाच दिला.

"मढ्यासारखी दिसतेस," ते म्हणाले. "तिथे आजारी माणसं बसणार. कुणी आपल्या आईला घेऊन येईल, कुणी पोराला, आणि या उजेडात त्यांची तोंडं बघेल. हे मी केलंय."

"बाबा, डोळा अजून नवा आहे," ताई पुढे होत म्हणाली. "डॉक्टरच म्हणालेत ना, सुरुवातीला सगळं निळसर दिसतं म्हणून. आठ-दहा दिवस जाऊ द्या."

"म्हणजे तुला निळं दिसत नाही?"

ताई थांबली. तिची जीभ एरवी कधी अडायची नाही. ती खिडकीकडे बघत राहिली आणि तेवढ्याने उत्तर झालं.

"तुला?" त्यांनी मुलाला विचारलं.

"दिसतं, बाबा."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून. मी बोललो होतो एकदा."

"हो. बोलला होतास." ते स्टुलावर बसले. "आणि मी पंधरा दिवस तुझं तोंड बघितलं नाही. बरोबर आहे. पण पंधरा दिवसांनी पुन्हा बोलायचं होतंस. सोळाव्या दिवशी बोलायचं होतंस."

ताईचा फोन वाजायला लागला. पडद्यावर इस्पितळाच्या व्यवस्थापकांचा नंबर बघून तिने तो बंद केला. सूनबाईला वाटलं, आता संपलं, आता ते वर जातील. पण बाबांचं डोकं अशा वेळी थांबत नसे. ते स्टुलावर बसल्या बसल्या बोटांनी मांडीवर काहीतरी आकडेमोड केल्यासारखं करत होते.

"वाचनालयाच्या जिन्यातली खिडकी," ते म्हणाले. "तीन वर्षं झाली. तेव्हाही डोळे हेच होते."

आई झटकन म्हणाल्या, "चला, वर चला. सदरा उलटा घातलाय तुम्ही."

"त्या झाडाची पानं, मागचं आकाश. लोक लांबून बघायला येत होते. मला ती बसवल्यावर जरा मळकी वाटली होती, म्हटलं जिन्यातला उजेडच तसा. त्यातही पांढऱ्याच्या जागी मी निळंच घेतलं असणार. मग ती बिघडली का नाही?"

"तेव्हा इतकं वाढलेलं नसेल," नवरा म्हणाला.

"काचेचं काम अंदाजपंचे होत नाही. कुणीतरी काचा बदलल्या." त्यांनी मान वळवली. दोन्ही डोळे उघडे ठेवूनच त्यांनी सूनबाईकडे बघितलं. "जोडायच्या आधी काचा फक्त एका माणसाच्या हातात असतात."

"मी बदलल्या," सूनबाई म्हणाली.

बोलून झाल्यावर तिला वाटलं होतं तसं काही कोसळलं नाही. नुसता नवरा एक पाऊल मागे सरकला.

"किती?"

"एकेचाळीस. तुम्ही दुपारी झोपलात की खाली यायचे. कागदी साचे होतेच, त्यावरून पुन्हा कापायचे. तुमच्या काचा त्या तिकडच्या कपाटात वरच्या फळीवर आहेत, वर्तमानपत्रात गुंडाळून."

"आणि कुणाला माहीत होतं?"

"मला," आई म्हणाल्या. "मी जिन्यात बसायचे. तुम्ही उठलात की खोकायचे."

नवऱ्याने बायकोकडे बघितलं. "मला का नाही सांगितलंस? मी त्याच काचा जोडत होतो, शेजारच्या टेबलावर. तीन वर्षं रोज आपण एका ताटाशी बसतोय."

"तू त्यांना सांगितलं असतंस."

"नसतं सांगितलं."

"मग तू आणि मी मिळून त्यांना फसवलं असतं. मी एकटीने फसवलं ते बरं नाही का?"

त्याला हे पटलं नाही. तो भट्टीच्या विटांकडे गेला आणि काही कारण नसताना त्या एकावर एक रचायला लागला. आश्चर्य म्हणजे ताईच तिच्या बाजूने बोलली. "बाबा, तिने नाव तुमचंच राखलं. त्या खिडकीवरूनच तर इस्पितळाचं काम मिळालं. मी स्वतः त्यांना जिन्यात उभं करून दाखवली होती."

"त्याबद्दल मी तिला काही म्हणत नाही," बाबा म्हणाले. आवाज शांत होता आणि त्या शांतपणाचीच सगळ्यांना धास्ती वाटली. "मला एवढंच सांग, सूनबाई. तेव्हा एकेचाळीस बदलल्यास. मग या वेळी का नाही बदलल्यास एकही?"

सूनबाईच्या हातात अजून ते ओलं फडकं होतं. तिने ते टेबलावर ठेवलं, पुन्हा उचललं.

"वाचनालयाच्या कार्यक्रमात एका पाहुण्याने तुम्हाला विचारलं होतं, तुमच्यानंतर कोण. तुम्ही म्हणालात, सून आहे, कापायला हात चांगला आहे तिचा, पण नजर उपजत असावी लागते. मी चहाचा ट्रे घेऊन मागेच उभी होते. समोर माझ्याच एकेचाळीस काचांतून ऊन पडत होतं. मला राग आला. मी ठरवलं, पुढच्या वेळी फक्त हात वापरायचा. तुम्ही द्याल ती काच, तुम्ही सांगाल तशी. दोन वर्षं मी तेच केलं. वाटायचं, एक दिवस तुम्हाला स्वतःलाच दिसेल. मग वाटायला लागलं, दिसणारच नाही, आणि तेव्हा फार उशीर झाला होता. माझा राग केव्हाच गेला, पण खिडकी निळी होत गेली."

"आजारी माणसांची खिडकी," बाबा म्हणाले.

"हो."

त्यांनी तिच्याकडे इतका वेळ बघितलं की ताईने घसा खाकरला. मग ते उठले आणि मुलाने रचलेल्या विटांना वळसा घालून वर गेले. जिन्यात त्यांनी आईंना हात धरू दिला नाही.

त्या दिवशी घरात कुणी कुणाशी सरळ बोललं नाही. नवरा खालीच जेवला. ताईने व्यवस्थापकांना दोन वेळा खोटं सांगितलं, एकदा सगळं ठरल्याप्रमाणे आहे म्हणून आणि एकदा जरा पावसाचा अंदाज बघतोय म्हणून, आणि मग फोन उशीखाली टाकला. आईंनी सूनबाईला भाजी निवडताना एवढंच विचारलं, "ते पाहुण्याचं मला का नाही सांगितलंस? मी महिनाभर त्यांच्या चहात साखर घातली नसती." दोघींना हसू आलं, पण ते टिकलं नाही. सूनबाई दिवसभर या खोलीतून त्या खोलीत जात राहिली. कपडे घडी करायची, मोडायची. आपण कारखान्यातून जाणार की आपल्याला कुणी थांबवणार, हे तिचं तिलाच कळत नव्हतं, आणि दोन्हीतलं काय हवं आहे तेही.

शुक्रवारी सकाळी बाबा पायात बूट घालूनच बाहेर आले.

"चल," ते तिला म्हणाले.

"कुठे?"

"वाचनालयात."

नवरा म्हणाला, "मी सोडतो गाडीने."

"चालत जाऊ," बाबा म्हणाले. "दोघंच."

वाटेत रस्ता ओलांडताना त्यांना अंतराचा अंदाज येत नव्हता, एक डोळा नवा आणि एक जुना असल्यामुळे, म्हणून तिने त्यांचा हात धरला आणि त्यांनी तो सोडवून घेतला नाही. वाचनालय नुकतंच उघडलं होतं. जिन्याच्या वळणावर, पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मध्ये, ते झाड उभं होतं: करडं खोड, पिवळी, तांबूस, मातकट पानं आणि मागे दुधासारखं आकाश. पायऱ्यांवर पिवळा उजेड सांडला होता आणि एक विद्यार्थिनी त्यातून पुस्तक वाचतच वर गेली.

बाबांनी डावा डोळा झाकला. कठड्याला टेकून ते बराच वेळ बघत राहिले. मग बोट उचललं.

"ते आकाश. वरच्या फांदीपासून डावीकडे. सगळं तुझं."

"हो."

"मधलं ते ढगाळ?"

"तेही."

"खोडाच्या मागचं?"

"ते तुमचं. त्याला मला हात लावावासा वाटला नाही."

ते चालत दोन पायऱ्या खाली आले. "ती तीन तांबूस पानं एका रांगेत. तुझी असणार, फार धीट आहेत."

"नाही. तुमची."

"हं." त्यांना बरं वाटलं ते त्यांच्या मानेवरून कळलं. ते एकेक काच विचारत गेले आणि ती सांगत गेली. काही बरोबर निघालं, काही चुकलं. शेवटी ते खिडकीच्या अगदी खालच्या कोपऱ्याशी आले. तिथे जमिनीवर पडलेलं एक पान होतं, मधाच्या रंगाचं, कडेला किंचित हिरवट. सकाळच्या या वेळी सगळ्या खिडकीत तेच आधी नजरेत भरायचं. कार्यक्रमात भाषण करणाऱ्यांनी त्या पानाचंच कौतुक केलं होतं. बाबा वाकले, त्यांनी बोटाच्या पेराने काचेला स्पर्श केला.

"हे मात्र मला आठवतं," ते म्हणाले. "याच्यासाठी मी सगळी कपाटं उपसली होती. हे माझं."

सूनबाईला हो म्हणायला काही लागत नव्हतं. एक पान त्यांचं राहिलं असतं तर कुणाचं काय जात होतं? तिने जिन्याखाली बघितलं, वर बघितलं. विद्यार्थिनी दिसेनाशी झाली होती. त्यांनी सगळी कपाटं उपसली होती हे खरं होतं. त्या दिवशी ते दमून भागून एक काच घेऊन आले होते, आणि ती लिंबासारखी फिकी होती.

"नाही, बाबा," ती म्हणाली. "तेही मी बदललं."

त्यांनी बोट काढून घेतलं. ते पायरीवर बसले, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, आणि त्या पानाकडे बघत राहिले. त्यांच्या उजव्या डोळ्यातून पाणी येत होतं. ते डोळ्याचं होतं की त्यांचं, ते तिला विचारता येईना. ती एक पायरी सोडून बसली. वरून कुणीतरी खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"ही काच कुठे सापडली तुला?" त्यांनी विचारलं.

"सापडली नाही. दोन काचा एकावर एक ठेवल्या. पिवळीमागे हिरवट. दोन्ही पातळ होत्या, एकाच शिशात बसल्या."

"दोन," ते म्हणाले. त्यांनी पुन्हा वाकून बघितलं, आता कारागिरासारखं, कडेने, नाक काचेला लागेपर्यंत. "माझ्या वडिलांनाही हे सुचलं नाही. आणि मला तर नाहीच नाही." मग ते कठड्याला धरून उभे राहिले. "इस्पितळाच्या खिडकीला किती दिवस लागतील?"

"सगळं सोडवून पुन्हा जोडायला तीन महिने. तुमची रेघ तशीच ठेवायची, चित्राला हात लावायचा नाही. फक्त रंग. खालचं गडद पाणी थोडं राहू द्यावं असं मला वाटतं. ते चांगलं आहे."

"ठेवायचं की नाही ते तू ठरव. दुसऱ्या डोळ्याची तारीख मी पुढच्या आठवड्यातली घेतो. मग मी रोज येऊन बघीन, आणि तू विचारलंस तरच बोलीन. नाही, न विचारताही बोलीन. ते माझ्याने व्हायचं नाही. पण तू ऐकलंच पाहिजेस असं नाही."

"आणि व्यवस्थापक? ताईने त्यांना सोमवारचं सांगून ठेवलंय."

"त्यांना तू फोन कर. आत्ताच. ताई गोड बोलून आणखी चार दिवस काढेल, आणि त्यातून काही निष्पन्न होणार नाही."

"मी कधी बोलले नाही त्यांच्याशी. ते ओळखत नाहीत मला. कोण बोलतंय विचारलं तर काय सांगू?"

बाबा जिना उतरायला लागले होते. कठडा पकडून, पायरी चाचपत, तिच्याकडे न बघता ते म्हणाले, "खिडकी करणारी बोलतेय म्हणून सांग."

ती खाली दाराशी आली आणि तिने नंबर लावला. बाहेर रस्त्यावर गाड्यांचा गोंगाट होता. दोनदा घंटी वाजली, तिसऱ्यांदा कुणीतरी उचलला आणि घाईघाईने विचारलं, कोण बोलतंय. तिने सांगितलं. पलीकडच्या माणसाला ऐकू गेलं नाही. तिने दुसरा कान बोटाने बंद केला आणि तेच वाक्य पुन्हा, मोठ्याने सांगितलं.